नात्याचा रकाना

काही वर्षांपूर्वी एका रात्री मी एका रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभा होतो. एका मित्राला घाईघाईने आत नेलं होतं. त्याचा जोडीदार हातात फॉर्म घेऊन माझ्या शेजारी होता. सोळा वर्षं दोघं एका छपराखाली राहत होते. नाव, वय, रक्तगट भराभर लिहून झालं आणि पेन 'रुग्णाशी नातं' या रकान्यापाशी अडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "काय लिहू?"

"भाऊ लिही," मी म्हणालो. "फार चौकशी करत बसणार नाहीत."

त्याने 'भाऊ' लिहिलं. तेव्हा मला माझ्या हजरजबाबीपणाचं कौतुकच वाटलं होतं. त्याची किंमत पुढचे नऊ दिवस त्याने भरली, मी नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही थोरले की धाकटे?" परिचारिका म्हणाली, "तोंडवळा काही मिळत नाही हो तुमचा." आई-वडील कुठे असतात, ते का आले नाहीत, वहिनी कुठल्या? एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. शस्त्रक्रियेच्या रात्री त्याला रडायचं होतं, तर भाऊ जेवढं रडेल तेवढंच तो रडला. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, हसत हसत. मला ते हसणं आवडलं नाही.

त्यानंतर कधीतरी समलिंगी सैनिकांविषयी वाचायला लागलो आणि तो रकाना पुन्हा समोर आला. सैनिकाच्या कागदपत्रांतही तो असतो. फौजी भाषेत 'नेक्स्ट ऑफ किन', म्हणजे सगळ्यात जवळचा नातलग, नाहीतर नुसतं 'एनओके'. रुग्णालयातला रकाना सही आणि बिलासाठी असतो. फौजेतला रकाना एक दिवस कुणाचं दार वाजवायचं, हे ठरवण्यासाठी असतो.

१ ऑक्टोबर २०१२ रोजी अफगाणिस्तानातल्या खोस्त इथे आत्मघाती हल्ल्यात डोना जॉन्सन ही अमेरिकी स्टाफ सार्जंट मारली गेली. अमेरिकी सैन्यातली समलिंगींवरची बंदी उठून तेव्हा वर्ष झालं होतं. म्हणजे डोनाने काही लपवायचं कारण उरलं नव्हतं. त्याच वर्षी तिने ट्रेसी डाइसशी रीतसर लग्न केलं होतं, आणि ट्रेसीही सैन्यातलीच. पण १९९६च्या एका कायद्यानुसार केंद्र सरकारच्या लेखी असं लग्न झालेलंच नसे. त्यामुळे अधिकारी बातमी घेऊन गेले ते डोनाच्या आईकडे. घडी घातलेला ध्वज आईला. ट्रेसीला कळलं ते डोनाच्या घरच्या माणसांकडून. विधवेला मिळणारं निवृत्तिवेतन तिला नाकारलं गेलं, कारण ती विधवा नव्हतीच. पुढच्या वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचं ते कलम रद्द केलं, आणि त्यानंतर सरकारी कागदांवर ती एकदाची डोनाची पत्नी झाली. मृत्यूनंतर.

'उघडपणे समलिंगी असणं' म्हटलं की बऱ्याच लोकांच्या डोळ्यांपुढे झेंडे, मिरवणूक, घोषणा येतात. माझ्याही यायच्या. आता मला त्या जागी एक रकाना दिसतो, ज्यात खरं नाव लिहिता येतं किंवा येत नाही.

अमेरिकेत १९९३मध्ये जे धोरण आलं, ते या नावाने ओळखलं गेलं: विचारू नका, सांगू नका. तडजोड म्हणून ते आलं. आधी समलिंगी माणसाला सैन्यात जागाच नव्हती. आता होती, पण त्याने तोंड उघडायचं नाही. वरवर पाहता ही सवलत वाटते. तेरा हजारांहून अधिक माणसं या सवलतीखाली घरी पाठवली गेली. २०११ साली, २० सप्टेंबरला, ती संपली.

न सांगणं म्हणजे नेमकं काय करणं, याचा विचार मी मराठीतून केला तेव्हा मला घाम फुटला. इंग्रजी बोलणाऱ्या सैनिकाला सोमवारी सकाळी सुट्टीविषयी बोलताना एखाददुसरं सर्वनाम बदलावं लागे. मराठीत नुसत्या सर्वनामाने भागत नाही. 'काल फोन झाला, चिडला होता.' यात नाव नाही, सर्वनाम नाही, तरी सगळं सांगून झालं. 'चिडली होती' म्हणायचं तर मग 'दमली होती', 'म्हणाली', 'तिची आई आली होती', 'वेडी आहे जरा'. क्रियापदाच्या शेवटाला, विशेषणाच्या शेपटीला, प्रत्येक ठिकाणी पहारा. गाढ झोपेतून उठवून कुणी विचारलं तरी प्रत्यय चुकायला नको. आणि हे वीस वर्षं. काहीजण म्हणूनच बोलणंच सोडून देत. सहकाऱ्यांना वाटे, माणूस घुमा आहे, शिष्ट आहे. बंदीच्या बाजूचे लोक एकजुटीचा मुद्दा मांडत असत. तुकडीत एकमेकांवर जीव टाकणारी माणसं हवीत, समलिंगी माणूस आला की ती वीण उसवते, असं त्यांचं म्हणणं. पण ती वीण घातली जाते कशाने? रात्रीच्या पहाऱ्यावर घरच्या गप्पांनी. बटव्यातला फोटो दाखवण्याने. पत्र आलं की ओरडून सांगण्याने. ज्या माणसाला हे तिन्ही बंद, त्याला वीण उसवणारा कुणी केलं?

एकजुटीच्या मुद्द्याची मी थट्टा करणार नाही, कारण एके काळी मलाही तो पटायचा. पाणबुडीत माणसं किती दाटीवाटीने झोपतात, हे दाखवायला १९९३च्या मे महिन्यात सेनेटर सॅम नन आपल्या समितीला घेऊन नॉरफोकच्या नौदल तळावर गेले, आणि एकावर एक लटकलेल्या त्या अरुंद बिछान्यांतल्या खलाशांची आणि सेनेटरांची छायाचित्रं सगळीकडे छापून आली. युक्तिवाद चित्रात भारी दिसतो. फक्त एवढंच की त्या बिछान्यांवर त्या दिवशीही समलिंगी खलाशी झोपत असणारच, आणि पाणबुडी बुडालेली नव्हती. २०१० साली संरक्षण खात्याने स्वतःच पाहणी केली. एक लाख पंधरा हजार सैनिकांनी उत्तरं दिली. आपल्या तुकडीतला एखादा सहकारी समलिंगी असावा असं ज्यांना वाटत होतं, त्यांतल्या ९२ टक्क्यांनी सांगितलं की तुकडीचं एकत्र काम करणं चांगलं होतं, फार चांगलं होतं, किंवा धड चांगलंही नव्हतं नि वाईटही नव्हतं. मला यातला तिसरा पर्याय सगळ्यात मोलाचा वाटतो. बऱ्याचशा तुकड्या अशाच असतात की.

दुसरा मुद्दा ब्लॅकमेलचा, आणि त्याला एक जुनं भूत आहे. आल्फ्रेड रेडल. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातला कर्नल, हेरखात्यातला वरिष्ठ अधिकारी, आणि रशियाला गुपितं विकणारा फितूर. मे १९१३मध्ये पकडला गेल्यावर वरिष्ठांनी त्याला पिस्तूल दिलं आणि त्याने स्वतःला संपवलं. तो समलिंगी होता. १९५०मध्ये अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे सीआयएच्या प्रमुखांनी याच रेडलचा दाखला दिला: बघा, हे लोक कसे धोक्याचे असतात. सदतीस वर्षांपूर्वीचा, मोडून गेलेल्या साम्राज्यातला एक माणूस! रेडल ऐषारामात राहत होता आणि रशियाकडून भरपूर पैसे घेत होता, हा भाग मात्र मागे पडला. पैशाचा लोभ सगळ्यांनाच असतो. त्याच्यावरून कुणाला नोकरीबाहेर ठेवता येत नाही.

गंमत म्हणजे अमेरिकी नौदलाने १९५७मध्ये स्वतः चौकशी करवली तेव्हा अहवालात म्हटलं गेलं की समलिंगी माणसं इतरांपेक्षा जास्त धोकादायक ठरतात, याला पुरावा नाही. तो अहवाल जवळजवळ वीस वर्षं बाहेर येऊ दिला नाही. म्हणजे गुपित ठेवलं ते खात्यानेच. ज्याला सगळ्यांसमोर आपलं नातं सांगता येतं, त्याला धमकावणार कशाने? धमकीचं हत्यार बंदीनेच घडवलं, धारही बंदीनेच लावली, आणि मग म्हटलं, बघा, तुमच्या गळ्याला सुरी लागलेली आहे, तुम्ही भरवशाचे नाही.

कॅनडात तर १९६०च्या दशकात यंत्र बनवायचा घाट घातला होता. माणसाला चित्रं दाखवायची आणि बुबुळातली बाहुली किती मोठी होते ते मोजायचं. त्यावरून सरकारी नोकर नि सैनिक यांतले समलिंगी निवडून काढायचे. प्रत्येकाची बाहुली वेगळ्या मापाची असते, आणि उजळ चित्र समोर आलं तरी ती आकसते, इतक्या साध्या गोष्टींवर तो प्रकल्प आपटला. त्याच कॅनडात १९८९मध्ये मिशेल डग्लस या तरुण अधिकारी बाईंना काढून टाकलं. त्या ज्या लष्करी चौकशी विभागात नेमल्या गेल्या होत्या, त्याचं एक काम समलिंगी सैनिक हुडकणं हेच होतं. त्या न्यायालयात गेल्या आणि १९९२च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाच्या सैन्याला बंदी सोडावी लागली. पंतप्रधानांची जाहीर माफी आली २०१७ साली. पंचवीस वर्षांनी.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते जर्मनीच्या एका प्रकरणाने, आणि त्यातला माणूस स्वतःला समलिंगी म्हणत नव्हता. जनरल गुंटर कीसलिंग, चार तारे, नाटोच्या युरोपातल्या सरसेनापतीचे उपप्रमुख. अविवाहित. १९८३मध्ये लष्करी गुप्तचर खात्याच्या कानावर आलं की हे कोलोनमधल्या समलिंगींच्या बारमध्ये जातात. फोटो दाखवून चौकशी झाली, कुणीतरी मान डोलावली. संरक्षणमंत्री मानफ्रेड व्योर्नर यांनी ३१ डिसेंबरला त्यांना मुदतीआधी निवृत्त केलं, कसलाही समारंभ न करता. जानेवारीत वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरलं आणि उघड झालं की बारमध्ये येणारा माणूस दुसराच, चेहऱ्याने जनरलसाहेबांसारखा. १ फेब्रुवारीला कीसलिंग पुन्हा सेवेत, मार्चच्या अखेरीस मशालींच्या उजेडात, लष्करी बँडच्या सलामीत सन्मानाने निवृत्त. व्योर्नर मंत्रिपदावर राहिले आणि पुढे नाटोचे महासचिव झाले.

न्याय झाला, असं म्हणून आपण पान उलटतो. मी उलटलं होतं. मग मध्येच थांबलो. माफी कशाची मागितली गेली? माणूस ओळखण्यात चूक झाली, याची. बारमध्ये जाणारा तो दुसरा, चेहऱ्याने सारखा असलेला, त्याच्याबाबतीत काही चुकलं असं कुणाला वाटलं नाही. नियम तसाच राहिला. आणि त्या जर्मन नियमाची तऱ्हा बघा: समलिंगी माणूस सैन्यात असू शकत होता, पण इतरांवर हुकूम चालवणाऱ्या जागेवर नको. बंदूक धर, खंदक खण, मर. पण 'सावधान' तू म्हणायचं नाहीस. १९९८मध्ये विनफ्रीड श्टेखर या हवाई दलातल्या लेफ्टनंटला याच कारणाने प्रशिक्षक अधिकाऱ्याच्या जागेवरून हलवलं. त्याच्या हाताखालच्या जवानांनी तक्रार केली नव्हती. तो घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला, आणि २००० साली सरकारने निकालाची वाट न पाहता नियमच काढून टाकला.

हुकूम देणाऱ्याच्या बाबतीत हे इतकं का खुपतं? मला वाटतं, हाताखालच्या माणसाचं खाजगी आयुष्य दुर्लक्षिता येतं, पण नेत्याकडे सगळे पाहत असतात. बढतीच्या समारंभात त्याच्या खांद्यावर नवा हुद्दा कुणीतरी लावावा लागतो. नव्या तळावर गेला की घरी जेवायला बोलावावं लागतं. हाताखालचा जवान मेला तर त्याच्या घरी जाऊन बसावं लागतं, आणि तिथे आपलं घरही थोडं उघडावं लागतं. नेतृत्व हे भाषणापेक्षा अशा गोष्टींनी चालतं. आणि मग खरेपणाचा प्रश्न. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शपथेसारखी एक ओळ शिकवतात: कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही, आणि तसं करणाऱ्याला खपवून घेणार नाही. ही ओळ पाठ करून बाहेर पडलेला डॅन चोई, अरबी जाणणारा लेफ्टनंट, इराकमध्ये काम केलेला, २००९मध्ये दूरचित्रवाणीवर म्हणाला की मी गे आहे. त्याला काढलं. खोटं बोलू नको असं शिकवणाऱ्या संस्थेचंच धोरण होतं की खोटं बोल.

हा पेच खुद्द अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखाने बोलून दाखवला तेव्हा पारडं फिरलं. २ फेब्रुवारी २०१० रोजी अॅडमिरल माइक मलन यांनी सेनेटच्या समितीपुढे सांगितलं की आपल्या देशबांधवांचं रक्षण करण्यासाठी तरुण मुला-मुलींना स्वतःविषयी खोटं बोलायला लावणारं धोरण आपल्याकडे आहे, ही गोष्ट मला छळते, कुठूनही पाहिलं तरी छळते. त्यांनी हक्कांचं नाव घेऊन सुरुवात केली नाही. सचोटीचं नाव घेतलं. फौजी माणसाला फौजी भाषेत सांगितलं. १९९३मध्ये बंदी उठवायला विरोध करणारे तेव्हाचे संयुक्त सेनाप्रमुख कॉलिन पॉवेल यांनीही त्याच आठवड्यात आपलं मत बदलल्याचं जाहीर केलं.

याच्या वीस वर्षं आधी कर्नल मार्गारेट कॅमरमायर यांनी एका खोलीत हेच केलं होतं, कॅमेऱ्यांशिवाय. व्हिएतनाममध्ये परिचारिका, ब्राँझ स्टार हे पदक मिळालेल्या, चार मुलग्यांची आई. १९८९मध्ये वरच्या पदासाठी, गुप्त माहिती हाताळायच्या परवानगीची चौकशी चालू असताना समलिंगी असण्याविषयी प्रश्न आला आणि त्यांनी खरं उत्तर दिलं. खोटं बोलल्या असत्या तर बढती. १९९२मध्ये त्यांना काढलं, १९९४मध्ये न्यायालयाने परत घ्यायला लावलं. आणि ऑगस्ट २०१२मध्ये टॅमी स्मिथ ब्रिगेडियर जनरल झाल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावरचा तारा लावला ट्रेसी हेपनर यांनी, त्यांच्या पत्नीने. उघडपणे समलिंगी असलेली अमेरिकी सैन्यातली ती पहिली जनरल. छायाचित्र अगदी साधं आहे. एक बाई दुसरीच्या गणवेशाशी खटपट करतेय. २०१६मध्ये एरिक फॅनिंग लष्कराचे नागरी सचिव झाले, म्हणजे त्या खात्याचे वरिष्ठतम नागरी अधिकारी. तोवर बातमी आतल्या पानांवर जाऊ लागली होती.

पाटी लागते तशी निघतेही. हार्वी मिल्क हे नाव लोकांना अमेरिकेतला उघडपणे समलिंगी राजकारणी म्हणून माहीत आहे. त्याआधी तो नौदलात पाणबुडे अधिकारी होता आणि १९५५मध्ये समलिंगी असल्याच्या चौकशीपायी त्याला नोकरी सोडावी लागली. त्याच नौदलाने २०२१मध्ये त्याच्या नावाचं इंधनवाहू जहाज पाण्यात सोडलं. जून २०२५मध्ये त्या जहाजाचं नाव बदललं. नवं नाव ज्याचं दिलं तो दुसऱ्या महायुद्धातला शूर खलाशी होता, त्याच्याविषयी वाईट बोलायचं कारण नाही. मला फक्त जहाजावर रंगाचा डबा घेऊन लोंबकळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो.

इथे कुणीतरी थीब्सच्या पथकाचा दाखला देईल. प्राचीन ग्रीसमधलं, दीडशे प्रेमी जोड्यांचं, तीनशेजणांचं पथक. ३३८ इसवी सनपूर्व सालच्या खायरोनियाच्या लढाईत नष्ट झालं, तोवर अजिंक्य. खरं सांगू? हा दाखला मला नकोसा होतो. पदकवाले, शूर, तुकडीसाठी छातीवर घाव झेलणारे समलिंगी पुढे करायचे म्हणजे त्यांना राहायचा हक्क शौर्याने कमवावा लागतो, असं आपणच कबूल करतो. एरिक आल्वा इराक युद्धातला पहिला गंभीर जखमी अमेरिकी सैनिक, पाय गमावलेला. तो बोलला तेव्हा लोकांनी ऐकलं. ऐकलं ते बरंच झालं. पण सैन्यात पाणी पोचवणारे, ट्रक दुरुस्त करणारे, हिशेब चुकवणारे, सकाळच्या कवायतीला कण्हत उठणारेही असतात. त्यांतला जो समलिंगी आहे, त्याला सामान्य असण्याची मुभा कधी मिळणार?

आपल्याकडचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं घडलंय थोडकंच. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध वगळले. जानेवारी २०१९मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकारांना सांगितलं की लष्कर जुन्या वळणाचं आहे, हे लष्करात चालू देणार नाही. १९५०च्या लष्कर कायद्यात 'अनैसर्गिक' वर्तनाला शिक्षा देणारं कलम आहेच, आणि घटनेचं ३३वं कलम सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालायची परवानगी संसदेला देतं. २०२२मध्ये एका निवृत्त मेजरच्या आयुष्यावर बेतलेली पटकथा दिग्दर्शक ओनीर यांनी संरक्षण मंत्रालयाकडे पाठवली, तर ना-हरकत मिळाली नाही. तो मेजर नोकरी सोडल्यावर बोलला होता. नोकरीत असताना नाही. दक्षिण कोरियात सैन्याच्या फौजदारी कायद्यानुसार अशा संबंधांना दोन वर्षांपर्यंत कैद आहे; २०२२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन सैनिकांची शिक्षा रद्द केली, कायदा मात्र जागेवर आहे. नेदरलँड्सने १९७४ साली हा विषय संपवला होता.

ब्रिटनविषयी मात्र थोडं रेंगाळतो, कारण तिथे पत्रं आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गिल्बर्ट ब्रॅडली नावाच्या तरुण सैनिकाला कुणीतरी शेकडो प्रेमपत्रं लिहिली. खाली सही फक्त एका अक्षराची, 'जी'. २००८मध्ये गिल्बर्ट गेल्यावर ती पत्रं एका छोट्या संग्रहालयाच्या हाती लागली. वाटलं, प्रेयसी असेल. तो 'जी' निघाला गॉर्डन. एका पत्रात गॉर्डन कळकळीने विनवतो की माझी सगळी पत्रं नष्ट कर. दुसऱ्यात म्हणतो, कधीतरी अधिक शहाण्या काळात ही सगळी छापली गेली तर काय बहार येईल. गिल्बर्टने त्याची पहिली विनंती मोडली, म्हणून दुसरी पुरी झाली.

नष्ट कर म्हणण्याचं कारण होतं. पुढची पन्नासेक वर्षं लष्करी पोलीस अशीच पत्रं शोधत सैनिकांच्या कपाटांत हात घालत राहिले. पत्र, फोटो, रोजनिशी, सगळं पुरावा. मग बंद खोलीत तासन्‌तास असे प्रश्न, जे मी इथे लिहिणार नाही. फॉकलंडच्या युद्धात लढलेल्या जो ऊसालिस या नौसैनिकाच्या छातीवरचं चांगल्या वर्तणुकीचं पदक १९९३मध्ये कात्रीने कापून घेतलं. ते २०२० साली परत दिलं गेलं. २७ सप्टेंबर १९९९ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला, १२ जानेवारी २०००ला बंदी उठली, आणि ज्या राजीनाम्यांच्या लाटेची भीती घातली जात होती ती आली नाही. २०२३मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये स्टॅफर्डशरच्या राष्ट्रीय स्मृतिवनात राजे चार्ल्स यांच्या हस्ते एका स्मारकाचं अनावरण झालं. तलवार नाही, घोडा नाही. ब्राँझचं एक चुरगाळलेलं पत्र. नाव आहे 'उघडलेलं पत्र'.

मी मित्राच्या त्या जोडीदाराला त्याचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: "भाऊ, छान आहे." तो मला अजून भाऊच म्हणतो, त्या रात्रीपासून. कधी प्रेमाने, कधी टोमणा म्हणून. त्या दिवशी कुठलं होतं, मला कळलं नाही.

लेनर्ड मॅटलोविचनेही पत्रच दिलं होतं. व्हिएतनाममध्ये तीनदा जाऊन आलेला, सुरुंगाच्या स्फोटात जखमी झालेला हवाई दलाचा सार्जंट. १९७५च्या मार्चमध्ये त्याने आपल्या वरिष्ठाच्या हातात स्वतः लिहिलेलं पत्र ठेवलं, त्यात लिहिलं होतं की मी समलिंगी आहे आणि मला नोकरीत राहायचंय. कुणी पकडलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. काढून टाकलं गेलं. पाच वर्षांनी न्यायाधीशाने परत घ्या म्हटलं, तेव्हा हवाई दलाने पैसे देऊन प्रकरण मिटवलं. १९८८मध्ये तो एड्सने गेला. वॉशिंग्टनमधल्या काँग्रेशनल दफनभूमीत जागा त्याने आधीच घेऊन ठेवली होती आणि दगडही स्वतःच ठरवला होता. त्या दगडावर त्याचं नाव नाही. 'व्हिएतनामचा एक समलिंगी सैनिक' एवढंच, आणि खाली त्याचं ते वाक्य, की दोन माणसांना मारलं म्हणून सैन्याने मला पदक दिलं, एकावर प्रेम केलं म्हणून घरी पाठवलं. आडनाव आहे ते पायथ्याच्या छोट्या दगडावर. त्याच ओळीत थोडं पुढे एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेचे एके काळचे प्रमुख जे. एडगर हूवर झोपलेत, ज्यांनी आयुष्यभर अशा माणसांच्या फायली जमवल्या.

२०११च्या मे महिन्यात या थडग्यापाशी एक लग्न लागलं. एक होता सैन्यातला कॅप्टन स्टीव्हन हिल, दुसरा जोशुआ स्नायडर. काही महिन्यांनी हिल इराकमधून एका राजकीय वादसभेत चित्रफितीद्वारे प्रश्न विचारणार होता आणि सभागृहातून त्याची हुर्यो उडणार होती, पण ते पुढचं. त्या दिवशी 'विचारू नका, सांगू नका' अजून जिवंत होतं. दोघांनी त्या निनावी दगडाशेजारी उभं राहून एकमेकांना वचनं दिली. हिलच्या फौजी कागदांवर मात्र त्या दिवसानंतरही तो अविवाहितच होता.